चरबी न खाता वाढणारी चरबी

दोन परीक्षानळ्या. दोन्हींत स्टार्चचं, म्हणजे धान्यातल्या पिष्टाचं, पाणी आणि आयोडीनचा एकेक थेंब. दोन्ही गर्द निळ्या. आता उजवीकडच्या नळीत थोडी लाळ. पुढची काही मिनिटं आम्ही वेगानं दाखवतोय, पण नजर हटवू नका. निळा रंग विरत चाललाय. लाळेतल्या अमायलेज या विकरानं (एन्झाइमनं) स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडल्यात. घास गिळायच्या आधीच पचन सुरू होतं ते असं.

जठरातल्या आम्लात हे काम थांबतं. खरी तोडफोड लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंड नव्यानं अमायलेज पाठवतं. दुर्बिणीतून दिसणारी ही मखमल म्हणजे बोटांसारखे इवले उंचवटे, उंची जेमतेम एक मिलिमीटर. साखळीचे उरलेले तुकडे यांच्याच अंगावर सुटे होतात, त्यातून सुटलेली साखर, म्हणजे ग्लुकोज, रक्तात उतरते आणि थेट यकृताकडे निघते.

हा चमचा बघा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी एवढंच ग्लुकोज असतं, सुमारे ५ ग्रॅम. एका जेवणातून याच्या कितीतरी पट आत येतं. म्हणून तर ग्लुकोजला रक्तातून पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनची एवढी धावपळ! स्नायू आपला वाटा उचलतात. यकृतही साठा करतं, पण त्याची कोठी लहान, साधारण १०० ग्रॅमची. रोज गरजेपेक्षा जास्तच येत राहिलं, की यकृत त्याची चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. तेलकट खाणं सोडूनही हा आकडा का चढतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. रिपोर्ट हातात आला की सगळे कोलेस्टेरॉल शोधतात. ट्रायग्लिसराइडची ही खालची ओळही वाचा, कळकळीनं सांगतोय.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ माणसांवर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह हे हृदयविकाराचे जोखीम घटक अशाच अभ्यासांतून पक्के झाले. ट्रायग्लिसराइड वाढतं तेव्हा सहसा एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, घटलेलं असतं, ‘वाईट’ म्हणतात त्या एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात. पुढचं या अँजिओग्राफीत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या या चित्रात, दिसतंच आहे: वाट अरुंद झालीय.

आता हे अख्खं धान्य आणि शेजारी त्याचंच कोंडा काढलेलं बारीक पीठ. दाण्याचं कवच शाबूत असलं, की अमायलेजला आत शिरायला वेळ लागतो, ग्लुकोज सावकाश सुटतं. पिठाला कवचच उरलेलं नाही.

जेवण झालं, आणि ही मंडळी चालायला निघाली. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट बघत बसत नाही, रक्तातलं ग्लुकोज स्वतःच ओढून घेतो. दंडावरच्या ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरची ही रेषा मघाशी चढत होती. आता उतरतेय.