दमल्याचा खर्च

(घणसोली. संध्याकाळचे सहा. स्वयंपाकघरात मोदकपात्र चढलंय, खिडकीची काच वाफेनं धुरकट.)

आज संकष्टी. चंद्रोदय नऊच्या पुढे आहे, म्हणजे लोकं डबे न्यायला साडेसातपासून यायला लागणार, आणि वहिनीनं मला आधीच सांगून ठेवलंय की भावजी, शूटिंग करा पण ओट्यापासून दोन हात लांब, पंखा लावायचा नाय, उकड गार झाली की कळ्या फाटतात.

तर मी दोन हात लांब उभा आहे, घामाघूम.

हे आमचं घर, माथाडी कामगारांच्या घरांतलं. आमचे आबा मसाला मार्केटात माथाडी होते, आधी मशीद बंदरला आणि मार्केट हलल्यावर तुर्भ्याला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानं १९६९ साली माथाडी कायदा झाला, पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला बोर्ड, प्रॉव्हिडंट फंड वगैरे मिळालं, आणि त्याच्या पुढच्या पिढीला म्हणजे आम्हाला हे छप्पर. त्यामुळे भाडं नाही. हे मी सुरुवातीलाच सांगतो कारण साइड इन्कमचे जे व्हिडिओ असतात ना, त्यात ही असली गोष्ट कोणी सांगतच नाही. पंधरा-वीस हजार भाडं भरणाऱ्या माणसाचं गणित वेगळं असणार, उघड आहे.

दादा महापेला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. वहिनी चिपळूणची. आम्ही जावळीकडचे, आमच्यात मोदक म्हणजे तळणीचे, उकडीचा मोदक आमच्या आईनं लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सुनेच्या हातचा खाल्ला आणि म्हणाली, "ह्ये लुसलुशीत हाय गं, पर पोट कुटं भरतंय." आता तीच आई विळीवर बसून नारळ खवते आणि शेजारणींना सांगते की तळलेले मोदक तब्येतीला बरे नव्हेत.

(आई नारळ खवताना. हातांचा क्लोजअप.)

सुरुवात झाली ती क्रेडिट कार्डापासून. फ्रिज, मग फोन, मग गावाकडचं एक लग्न, आणि दादा दर महिन्याला फक्त मिनिमम भरत राहिला. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास, ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचं धरलं तर चाळीस टक्क्याच्या वर जातं. वहिनीला हे कळलं त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, एवढंच सांगतो.

मग मोदक.

आता हिशेब बघा, वहिनीच्या वहीतला जसाच्या तसा. एकवीस मोदकांना दोन नारळ ९० रुपये, गूळ २०, तांदळाची पिठी ४०, तूप-वेलची-हळदीची पानं मिळून ३०, बॉक्स १५, इंधन १५. झाले २१० रुपये, म्हणजे मोदकामागे दहा. विकायचा तीसला. संकष्टीला शंभर-सव्वाशे मोदक सहज जातात, एकशेवीस धरा, ३६०० आले, १२०० गेले, २४०० उरले. आणि गणपतीसारखं वर्षातून एकदा नाही, संकष्टी दर महिन्याला येते, मंगळवारी आली की अंगारकी, मग तर विचारूच नका. गणपतीच्या दिवशी नैवेद्य दुपारचा, सगळ्यांना अकराच्या आत हवेत, संकष्टीला सगळ्यांना चंद्र दिसायच्या आत. मोदक गरम हवा आणि वेळ सगळ्यांची एकच, या धंद्याचं दुखणं हेच.

इंधनाचं पण सांगून टाकतो. घरगुती १४.२ किलोच्या सिलेंडरवर धंद्याचं शिजवायचं नसतं, त्याला १९ किलोचा कमर्शियल लागतो. वहिनीनं सरळ इंडक्शन घेतली. फूड रजिस्ट्रेशन काढलं, छोट्या धंद्याला वर्षाचे शंभर रुपये फी होती, तेवढ्यासाठी लोक का घाबरतात माहीत नाही.

सहा महिने असं चाललं. आणि कार्डाचं बिल हललं नाही.

(वही. पानं उलटताना.)

माझ्या मते या सगळ्यातली बघण्यासारखी गोष्ट ही आहे. दर महिन्याला दोन-अडीच हजार वर येतायत, गणपतीत तर बारा हजार आले होते, आणि शिल्लक शून्य. वहिनीला वाटलं दादा उडवतो, दादाला वाटलं वहिनी माहेरी पाठवते, दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज जरा जास्तच येत होते. शेवटी वहिनीनं जीपेची हिस्टरी काढली आणि एकेक एंट्री वहीत उतरवली, आणि मग तिला दिसलं की संकष्टीच्या दिवशी, दुसऱ्यांसाठी एकशेवीस मोदक करून झाल्यावर, आमच्या घरी जेवण बाहेरून येत होतं. ४८० रुपये. दुसऱ्या दिवशी उठवत नाही म्हणून मुलाला डब्यात वडापाव आणि वर चिप्स. पिठी करायला तांदूळ धुऊन सावलीत वाळवायला वेळ नाही म्हणून तयार पिठी, दुप्पट भावाची. डबे पोचवायला दादा बाईक घेऊन ऐरोली, रबाळे, एकदा तर ठाण्यात नौपाड्यापर्यंत, अकरा मोदकांसाठी! पेट्रोल कोणी धरलंच नव्हतं.

तिनं वहीत एक नवीन रकाना आखला. वर लिहिलं, "दमल्यामुळं".

पहिल्या महिन्यात त्या रकान्याची बेरीज आली १९६०. कमाई २४०० होती.

साधं राहायचं म्हणजे लोकांना वाटतं मन मारायचं, चहा सोडायचा, पिक्चर सोडायचा. आमच्याकडे असं काही झालं नाही, चहा तर वाढलाय. आमच्याकडे काय झालं तर दमणं कमी केलं. ऑर्डर शंभरावर बंद, अंगारकी असली तरी बंद, स्टेटसला लिहून टाकलं. डिलिव्हरी नाही, येऊन न्या, घरून स्टीलचा डबा आणलात तर ऑर्डरमागे दहा रुपये कमी. पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाईकं तुटली, नौपाडावाली काकू तर रागावलीच, आणि त्यांच्या जागी बिल्डिंगमधलीच सात आली. सारण आदल्या रात्री. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संकष्टीला सकाळीच आमटी-भात करून झाकून ठेवायचा, संध्याकाळी कोणी विचारायचं नाही काय केलंय म्हणून.

दादाचं वेगळंच. त्यानं आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचलं, दुसरं काम केलेलं चालतं का ते, कारण २०२२ साली एका मोठ्या आयटी कंपनीनं ह्याच कारणावरून ३०० जणांना काढल्याची बातमी त्याच्या डोक्यात बसलीय. मग कंपनीत लेखी विचारलं, हो मिळालं. आता शनिवारी तो आमच्याच आवारात पंखे दुरुस्त करतो. सीलिंग फॅन हळू फिरतो म्हणून लोक नवीन घ्यायला निघतात, बहुतेक वेळा नुसता कंडेन्सर गेलेला असतो, बदलला की संपलं काम. दीडशे रुपये घेतो, वर एक भाषण फुकट, की जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो आणि नवा कमी विजेचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास, बिलाचा स्लॅब बघा, वगैरे. लोक दीडशे रुपये त्याला गप्प करायला देत असावेत. महापेला सायकलवर जातो. कार्ड चौदा महिन्यांत फिटलं, आता तेवढेच पैसे पोस्टातल्या आरडीत जातात.

(सव्वासात. दारावर बेल. दोन डबे, मग तिसरा.)

वहिनी झाकण उघडते. हळदीच्या पानाचा वास कॅमेऱ्यात येत नाही, वाईट वाटतं. फाटलेले, वाकडे मोदक ती बाजूला एका ताटलीत काढते, ते घरचे. आज पाच आहेत, त्यातले दोन माझ्यामुळे फाटले असं तिचं म्हणणं आहे.

(पावणेनऊ. ओटा पुसून झालाय. वही उघडी.)

या महिन्याच्या त्या रकान्यात एकच आकडा आहे, ६०.

"हे काय गं?" दादा विचारतो.

"परवा स्टेशनवरून रिक्षा केलीस ती."

"अगं पाऊस होता. ते दमल्यामुळं नाय, पावसामुळं."

वहिनी त्याच्याकडे बघते, पेन उघडते, आणि ६० ला कंसात टाकते. बेरजेत धरायचे की नाय, ते आईला विचारून.