फोटोत मोजलेली भेग

पडद्यावर दिसतो आहे तो मुंबईतील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील खांब. गिलावा काढल्यावर काँक्रीटमध्ये सळईच्या रेषेत गेलेली ही उभी भेग उघडी पडली आहे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे.

तपासणीत भेगेवर सहसा पारदर्शक पट्टी ठेवतात आणि तिच्यावरच्या रेषांपैकी भेगेच्या रुंदीशी जुळेल तिचा आकडा नोंदवतात. दोन माणसे दोन आकडे सांगतात, आणि त्यातला खरा कोणता हे पुढे कोणालाही पडताळता येत नाही. फोटो मात्र पुन्हा मोजता येतो.

भेगेभोवती चिकटवलेल्या या चार खुणांमधली अंतरे आधीच मोजलेली आहेत. त्यामुळे कॅमेरा किंचित तिरका राहिला तरी प्रतिमा गणिताने सरळ करता येते. चौकटीत २०० मि.मी. रुंदीचा भाग ४,००० पिक्सेलमध्ये मावला, तर एक पिक्सेल ०.०५ मि.मी.चा होतो आणि ०.२ मि.मी.ची भेग चार पिक्सेल व्यापते. त्याच कॅमेऱ्याने दोन मीटर रुंद भिंत टिपली, तर ही भेग अर्ध्या पिक्सेलचीही उरत नाही. अख्ख्या भिंतीच्या एका फोटोवरून बारीक भेगांचे आकडे देणारा अहवाल म्हणूनच जपून वाचावा.

आता विजेरीकडे लक्ष द्या. प्रकाश एकाच बाजूने पडला की काठाची सावली भेगेत मिसळते आणि रुंदी फुगते. दुसऱ्या बाजूनेही उजेड दिल्यावर तीच भेग पाहा, किती आवळली! यानंतर संगणक गडद पिक्सेल वेगळे काढतो, भेगेची मध्यरेषा आखतो आणि तिच्याशी काटकोनात जागोजागी रुंदी मोजतो. काठाचा टवका उडाला आहे त्या जागा मोजणीतून वगळाव्या लागतात, आणि ते काम अजून माणसाच्या डोळ्यांचेच आहे.

आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात भेगेच्या रुंदीची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.३ मि.मी., तर सतत ओलाव्यात असलेल्या भागांसाठी ०.२ मि.मी. आहे. ही मर्यादा संकल्पनासाठी, म्हणजे बांधकामाचा आराखडा करताना वापरण्यासाठी असल्याने गंजाची भेग तिच्या आत बसली म्हणून निर्धोक ठरत नाही. ती वाढते आहे का, हे पाहावेच लागते. त्यासाठी पुढचे फोटो याच खुणांवरून, दिवसाच्या याच वेळी घ्यायचे, कारण तापमानानेही भेग उघडते आणि मिटते. वाढ आढळली, तर टेकू, दुरुस्ती की स्थलांतर, हे अभियंता ठरवतो.