तुळशीपाशी रेंज गावता
(गावच्या वाचनालयात मे महिन्यात झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. गावी आल्यावर लॅपटॉप घेऊन नेटला कसं जोडलेलं राहायचं, यावर बोल असं मला सांगितलंय. मी इंजिनिअर नाही. मुंबईतल्या एका ऑफिसचे हिशेब बघतो, जीएसटीची रिटर्नं भरतो. पण बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तीन पावसाळे मी इथे देवगडात महिना महिना राहिलोय, आणि ३बी या दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची २० तारीख काही पाऊस बघून पुढे सरकत नाही, त्यामुळे जे शिकलो ते गरजेने शिकलो, तेच सांगतो.

पहिल्या वर्षी मी माजघरात टेबल मांडलं, कारण तिथे पंखा होता आणि बाबांची खाट शेजारी होती. नेट काही चालेना. फोनवर एक कांडी दिसायची, मग तीही जायची, मी कंपनीला फोन करायचो, तिकडून सांगायचे की तुमच्या भागात नेटवर्क व्यवस्थित आहे. असे तीन दिवस गेले. शेवटी आई म्हणाली, "अरे झिला, तुळशीकडे जावन बघ, थंय रेंज गावता." ती कित्येक वर्षं तिथेच उभी राहून बहिणीला फोन करते, तिला माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं.

मग मी फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत जाऊन सिग्नलचा आकडा बघायला शिकलो. तो डीबीएम मध्ये असतो, उणे चिन्ह लावून. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० च्या पुढे गेलं की हाल. कांड्यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो, आकडा बघा. मी वही घेऊन घरभर फिरलो आणि प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबून लिहिलं. माजघरात उणे ११७, स्वयंपाकघरात फोन नेटवर्कच शोधत बसला, खळ्यात तुळशीपाशी उणे ९८, आणि पडवीच्या पूर्वेकडच्या खांबाला उणे १०१. आता हे आकडे साध्या बेरीज-वजाबाकीचे नाहीत, १० ने फरक पडला की ताकद दहापट होते, म्हणजे माजघर ते पडवीचा खांब, जेमतेम १५ पावलं, तेवढ्यात सिग्नल जवळजवळ ४० पट. एकाच घरात, एकाच सिमवर, एकाच मिनिटाला.

का होतं असं? आपल्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, जाड, आणि पावसात पाणी पिऊन बसतात, सिग्नल त्यात मरतो. कौलांतून थोडंफार आत येतं, पण ज्यांनी कौलं काढून पत्रा घातला त्यांच्याकडे वरून काहीच येत नाही, पत्रा सिग्नल परत फेकतो. शिवाय टॉवर असतात सड्यावर नाहीतर हमरस्त्याला आणि आपल्या वाड्या बसल्यात खाली वहाळाच्या कडेला, माडांत, मध्ये डोंगराचा आडोसा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याकडची पोरं छत्री घेऊन सड्यावर जाऊन ऑनलाईन तास करत होती ती याच कारणाने, मला ते चित्र अजून टोचतं.

तर उपाय असा की फोन जिथे रेंज आहे तिथे ठेवायचा आणि आपण जिथे बसायचंय तिथे बसायचं. मी फोन पडवीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेल्या पिशवीत ठेवतो, चार्जिंगला लावून, ऊन आणि झड लागणार नाही असा, आणि हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप बाबांच्या खाटेशेजारी. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ असेल तर २.४ करा, वेग थोडा कमी मिळतो पण भिंतीपलीकडे तोच पोचतो. एवढं एक काम घरी जाऊन करा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता लाईटचं. लाईट गेली की काही वेळाने नेट जातं ते का, तर टॉवरलाही बॅटरीच असते, ती उतरली आणि डिझेलवाला पोचला नाही की टॉवर मेला. दोन कंपन्यांची दोन सिम घेतली म्हणजे झालं असं वाटतं, पण पुष्कळदा दोघांची यंत्रं एकाच टॉवरवर असतात, दोन्ही एकदम जातात. म्हणून दुसरं सिम घेण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, लाईट गेल्यावर कोणाचं टिकतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आदळलं तेव्हा रायगडात, दापोली-मंडणगडात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती, नातेवाईकांची खबर कळेना, तिथे कुठलंच सिम कामाला आलं नाही.

घरात फायबर आलं असेल तर उत्तमच. त्याचा राऊटर १०-१५ वॅट खातो फक्त, पंखा ७०-७५ खातो, म्हणजे इन्व्हर्टरवर राऊटर आणि लॅपटॉप आरामात दिवस काढतात, रात्री पंखे किती चालवायचे ते तुम्ही ठरवा. पण केबल विजेच्या खांबांवरून आणि झाडांवरून आलेली असते, फांदी पडली की तुटते, रस्त्याचं खोदकाम निघालं की तुटते, म्हणून फायबर असलं तरी पडवीतला खिळा काढू नका.

पॉवर बँक घेताना बघा, साधी फोनची पॉवर बँक लॅपटॉपला चालत नाही. सी टाईपचं ४५ किंवा ६५ वॅट देणारं तोंड हवं. २०,००० एमएएचची म्हणजे आत सुमारे ७४ वॅट-तास, त्यातलं वाया जाऊन साठेक हाताला लागतं, म्हणजे लॅपटॉपचं एक पूर्ण चार्जिंग. मला तेवढं २० तारखेला पुरलंय.

आणि वीज कडाडायला लागली की सगळे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आमच्याकडे जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाईनवरून वीज आत आली, मोडेम गेला, त्याला वायरने जोडलेल्या लॅपटॉपचं ते तोंड गेलं, सगळं एका क्षणात. बाबा शेजारी झोपलेले होते. त्या रात्रीनंतर ढग दिसले की मी आधी वायरी काढतो, मग वाळत घातलेले कपडे.

डेटाचं थोडक्यात. विंडोजमध्ये हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शन, म्हणजे मोजून वापरायचं नेट, म्हणून खूण करा, नाहीतर अपडेट दिवसाचा दीड जीबी सकाळीच खाऊन टाकतो. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवा आणि साहेबांना तसं आधी सांगून ठेवा, लोक समजून घेतात.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. काम असं लावा की नेट नसताना ते चालू राहील. मी मुंबईहून निघायच्या आधी सगळ्या फायली लॅपटॉपवर उतरवून घेतो. ही सवय मला कोकण रेल्वेने लावली, त्या मार्गावर ९१ बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटर, ऑनलाईन उघडलेली एक्सेल तिथे अडकली की अडकली. आता मी दिवसभर नेटशिवाय हिशेब करतो, आणि पहाटे पाचला, जेव्हा टॉवरवर गर्दी नसते, तेव्हा सगळं एकदम पाठवतो. रिटर्न १८ तारखेला भरतो, २० ला नाही. त्यामुळे दिवसा बाबांना काठी देऊन खळ्यात चार फेऱ्या मारून आणता येतात, मध्ये कोणी फोन केला तरी जीव घाबरा होत नाही. आता ते एकटे तुळशीपर्यंत जातात.

मघाशी एका ताईंनी विचारलं की आमच्या वाडीत तर कुठेच लागत नाही, त्याचं काय. ताई, उद्या सकाळी सात वाजता मी तुमच्या वाडीत येतो, घराघरातून फिरून आकडे लिहू, माळ्यावरही चढून बघू, उंचावर बऱ्याचदा मिळून जातं. वही माझ्याकडे आहे, दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले फोन मात्र तुम्ही जमवून ठेवा.