हाबेरे : मालकीच्या क्रियापदाचा काळापर्यंतचा प्रवास

[दृश्य : मार्दिनजवळचे भग्न तट, खडकात कोरलेल्या कबरी]

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, मार्दिन शहराजवळ, दारा नावाच्या प्राचीन तटबंद नगराचे अवशेष आहेत. इराणच्या सरहद्दीवरचे हे ठाणे रोमन सम्राट अनास्तासियुस याने ६व्या शतकाच्या आरंभी उभारले. फ्रँक लोकांच्या राज्यात ७व्या शतकात लिहिली गेलेली, आणि आज फ्रेदेगारच्या नावाने ओळखली जाणारी लॅटिन बखर मात्र या नावाची निराळीच हकिगत सांगते. सम्राट युस्तिनियानने पकडलेल्या इराणच्या राजाकडे प्रांत परत मागितले. राजा म्हणाला, ‘नोन दाबो’, म्हणजे ‘देणार नाही’. त्यावर सम्राट उत्तरला, ‘दारास’, म्हणजे ‘देशील’. आणि म्हणून त्या जागेला ते नाव पडले. युस्तिनियान गादीवर आला ५२७ साली, नगर त्याआधीच वसलेले होते. तेव्हा बखरीतल्या पुष्कळ गोष्टींप्रमाणे ही गोष्टही इतिहास म्हणून उभी राहत नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तिच्यातला एक शब्द फार मोलाचा वाटतो.

राजाचे ‘दाबो’ हे शाळेत शिकवले जाणारे, शुद्ध लॅटिन भविष्यकाळाचे रूप आहे. सम्राटाचे ‘दारास’ कोणत्याही लॅटिन व्याकरणात सापडत नाही. ‘दारे’, म्हणजे ‘देणे’, या धातुरूपाला ‘हाबेस’ हे ‘हाबेरे’ क्रियापदाचे द्वितीयपुरुषी रूप झिजून चिकटले आणि हा शब्द तयार झाला. आजच्या स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये ‘तू देशील’ असे म्हणायचे असेल, तर अजूनही ‘दारास’ असेच म्हणतात.

[दृश्य : हस्तलिखिताचे पान, ‘दारास’ या शब्दावर स्थिर]

‘हाबेरे’चा जुना अर्थ धरणे, बाळगणे, जवळ असणे. मराठीत या अर्थाचे एकच एक क्रियापद नाही. आपण ‘माझ्याकडे आहे’, ‘मला आहे’ असे म्हणून काम भागवतो. जुन्या लॅटिनमध्येही ‘मिही एस्त’, म्हणजे शब्दशः ‘मला आहे’, ही रचना होतीच. पण ‘हाबेरे’ने तिला हळूहळू मागे सारले. रोमन वक्ता व लेखक सिसेरो आपला मित्र आत्तिकुस याला एका पत्रात कळवतो की राजकारणाविषयी तुला लिहायला माझ्याकडे काही नाही. या वाक्यात ‘लिहिणे’ आणि ‘हाबेरे’ शेजारी शेजारी आले आहेत, परंतु अर्थ अजून ‘जवळ असणे’ असाच आहे. इसवी सन २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे लिहिणारा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियान हीच जोडी वेगळ्या अर्थाने वापरतो : अमुक घडायचे आहे, ते ठरलेले आहे, भाकितानुसार ते होणार आहे. ‘मला उद्या मुंबईला जायचे आहे’ या मराठी वाक्यात कर्तव्य किती, इरादा किती आणि निव्वळ भविष्य किती, हे वेगळे काढता येत नाही. ‘हाबेरे’ नेमके याच संदिग्ध जागेवरून भविष्यकाळाकडे सरकले.

सरकण्याची गरजही होती. बोलण्याच्या ओघात दोन स्वरांमधला ‘ब’ सैल पडून ‘व’सारखा उच्चारला जाऊ लागला, आणि ‘आमाबित’, म्हणजे ‘तो प्रेम करील’, व ‘आमावित’, म्हणजे ‘त्याने प्रेम केले’, ही दोन रूपे कानाला एकच वाटू लागली. तिसऱ्या गणातील क्रियापदांत वर्तमान आणि भविष्य यांच्यात एका स्वराचाच फरक होता, आणि तोही पुसट होत गेला. ज्या भाषेत ‘देईन’ आणि ‘दिले’ यांची गल्लत होते, त्या भाषेतले बाजार, करार आणि शपथा कशा चालणार? लोकांनी जोडीदार क्रियापदाचा आधार घेतला.

शपथेचे उदाहरण तर लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबुर्ग येथे फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी, लुडविग आणि चार्ल्स यांनी, थोरला भाऊ लोथार याच्याविरुद्ध एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली. चार्ल्सच्या सैन्याला समजावे म्हणून लुडविगने ती त्यांच्या, म्हणजे लॅटिनपासून दुरावलेल्या, लोकभाषेत उच्चारली, आणि नितार्ड या इतिहासकाराने ती जशीच्या तशी नोंदवली. फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना लेख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मजकुरात ‘साल्वाराइ’, म्हणजे ‘रक्षीन’, आणि ‘प्रिंद्राइ’, म्हणजे ‘घेईन’, अशी रूपे आहेत. दोन्हींच्या शेवटचा ‘आइ’ म्हणजे ‘हाबेओ’चा, ‘हाबेरे’च्या प्रथमपुरुषी रूपाचा, उरलेला अंश होय.

लॅटिनच्या वंशज भाषांपैकी इटालियनने ‘दारे’ला आपला ‘ओ’ जोडून ‘दारो’ केले, स्पॅनिशने ‘दार’ला ‘ए’ जोडून ‘दारे’. १४९२ साली स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण लिहिणाऱ्या आंतोनियो दे नेब्रिखाच्या हा जोड ध्यानात आला होता, याचे कौतुक वाटते. रुमानियन भाषेने मात्र भविष्यासाठी मुख्यतः ‘इच्छिणे’ या अर्थाचे क्रियापद निवडले. सार्डिनियन भाषेत धातू आणि ‘हाबेरे’ अजून एकमेकांना चिकटलेलेच नाहीत, आणि तेथे सहायक क्रियापद आधी येते.

[दृश्य : पत्र लिहिणारा हात]

याच क्रियापदाने भूतकाळातही शिरकाव केला, आणि मराठी माणसाने तो भाग जरा थांबून पाहावा. ‘एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ’ याचा मूळ अर्थ ‘लिहिलेली चिठ्ठी माझ्याजवळ आहे’ असा होता; पुढे तो ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ असा झाला. येथे ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचे विशेषण असल्यामुळे त्याचे लिंग चिठ्ठीप्रमाणे चालते. आपणही ‘मी चिठ्ठी लिहिली’ आणि ‘मी लेख लिहिला’ असे कर्माकडे पाहूनच बोलतो. आपली रचना संस्कृतच्या कर्मणी प्रयोगातून आली असल्यामुळे वाट वेगळी आहे, खुणा मात्र सारख्या आहेत. फ्रेंचमध्ये ही खूण निम्मी टिकली : कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच कृदंत त्याच्याप्रमाणे बदलते. क्लेमाँ मारो या कवीने १६व्या शतकात इटालियनचा दाखला देऊन या नियमाची शिफारस केली, आणि फ्रान्समधली मुले आजही त्यावरून शुद्धलेखनात गुण गमावतात.

इतकी कामे अंगावर घेतल्यावर मूळ अर्थ सांभाळणे सगळीकडे जमले नाही. फ्रेंच आणि प्रमाण इटालियनमध्ये हे क्रियापद आजही मालकी दाखवते. नेपल्सपासून दक्षिणेकडे आणि इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, मालकीचे काम ‘तेनेरे’, म्हणजे ‘धरून ठेवणे’, या दुसऱ्या लॅटिन क्रियापदाकडे गेले. स्पॅनिशमध्ये ‘हाबेरे’ची रूपे आता जवळजवळ केवळ सहायक म्हणून उरली आहेत, शिवाय अस्तित्व सांगणारे ‘आय’ हे रूप. त्यात ‘आ’च्या मागे ‘तेथे’ या अर्थाचा एक जुना शब्द दडला आहे. पोर्तुगीजने तर सहायकाची जागाही ‘तेनेरे’च्या वंशजाला, ‘तेर’ला, देऊन टाकली.

तरीही जुना सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो पोर्तुगीजमध्येच. गोव्यात १९६१पर्यंत राज्यकारभाराची असलेल्या या भाषेच्या औपचारिक लेखनात ‘तुला देईन’ हे ‘दार-ते-एइ’ असे लिहितात : ‘दार’ म्हणजे देणे, ‘ते’ म्हणजे तुला, आणि ‘एइ’ म्हणजे झिजलेले ‘हाबेओ’. सर्वनाम क्रियापदाच्या पोटात शिरू शकते, कारण तेथे एके काळी दोन शब्दांमधली मोकळी जागा होती. ब्राझीलमध्ये ही लकब बोलण्यात ऐकू येत नाही. तेथे ‘तुला द्यायला जातो’ अशा अर्थाची ‘वोउ’ची रचना रुळली आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणारेही रोजच्या भविष्यासाठी ‘जाणे’ या क्रियापदाकडेच वळत आहेत.