बाराला चेकआऊट, तीनला चेकइन

हे दार पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. लिफ्टच्या बाजूच्या भिंतीत, भिंतीच्याच रंगाचं. ढकललं की गालिचा संपतो, साधी फरशी आणि ट्यूबलाईट सुरू होते. हॉटेलवाले याला बॅक ऑफ द हाऊस म्हणतात. लॉबीतलं झुंबर, फुलं, पियानो तुम्ही जाहिरातीत भरपूर बघितलंय, म्हणून आम्ही कॅमेरा इकडेच ठेवला, कारण दुपारी बारा ते तीन या वेळात हॉटेल खरं चालतं ते इथून.

बारा वाजता चेकआऊट. त्या क्षणापासून खोली सिस्टममध्ये घाण म्हणून दिसते आणि साफ होऊन, तपासून, सुपरवायझरने हिरवा कंदील दिल्याशिवाय रिसेप्शनला ती कुणाला देता येत नाही. एका अटेंडंटच्या वाट्याला दिवसाला साधारण 12 ते 16 खोल्या, एकदम भारी हॉटेलात थोड्या कमी, पण तिथे संध्याकाळी टर्नडाऊनला, म्हणजे पडदे ओढून अंथरूण झोपायला तयार करायला, परत यायचं असतं.

आता हे हात बघा. आधी सगळे मळके कपडे बाहेर. बाथरूममध्ये औषध मारून ठेवलं, ते मुरेपर्यंत पलंग. खालची चादर टाकली, पायाकडची गादी एका हाताने उचलली, चादरीचं टोक पंचेचाळीस अंशात दुमडलं आणि आत खोचलं, कागदाच्या पाकिटासारखा कोपरा आला, असे चार कोपरे. मोठ्या पलंगाची गादी पन्नास किलोच्या घरात असते आणि ती प्रत्येक कोपऱ्याला उचलावी लागते. मग डुवेट, म्हणजे जाड मऊ रजई, ती कव्हरमध्ये घालायची ही युक्ती आम्ही मुद्दाम न कापता ठेवलीये, कव्हर उलटं करून आतून टोकं पकडायची आणि एक झटका. मग उशा, अभ्र्याची उघडी बाजू दारापासून लांब. आणि व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, खिडकीपासून मागे मागे सरकत दारापर्यंत, म्हणजे गालिच्यावर स्वतःच्या पावलाचाही ठसा राहत नाही. आपल्याआधी इथे कुणी राहिलंच नाही असं पाहुण्याला वाटतं ना, ते असं तयार होतं.

टॉयलेटचं फडकं वेगळ्या रंगाचं, ते चुकूनसुद्धा ग्लासला लागता कामा नये. सुपरवायझर ग्लास उजेडासमोर धरून बघते, आंघोळीच्या जागेत वाकून केस शोधते, एक केस सापडला तरी खोली परत.

खाली तळघरात लाँड्री. एका पलंगामागे निदान तीन सेट लागतात, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. धुतलेली चादर ओलसर असतानाच त्या गरम रोलरमध्ये जाते आणि पलीकडून कोरडी, इस्त्री होऊन, घडी घालून बाहेर येते. जिचा डाग जात नाही तिची फडकी होतात.

या सगळ्या थाटाला सेझार रिट्झचं नाव चिकटलंय, 1898 मध्ये पॅरिसला त्याचं हॉटेल उघडलं. तो स्वित्झर्लंडमधल्या शेतकऱ्याचं तेरावं मूल, सुरुवात वेटर म्हणून, खालच्या कामापासून वर आलेला माणूस. त्याच्यासोबतचा शेफ एस्कॉफिए, त्याने किचनमध्ये कामाची विभागणी बसवली, सॉस एकाकडे, भाजणं एकाकडे, आणि मध्ये एक जण ऑर्डर ओरडून सांगणारा. आजही पासवर, म्हणजे जिथून ताट बाहेर जातं त्या काउंटरवर, तेच चालू आहे. रूम सर्व्हिसच्या ट्रॉलीखाली हा जो डबा दिसतोय तो हॉट बॉक्स, लिफ्टची वाट बघण्यात जेवण गार होऊ नये म्हणून.

लॉबीत कॉन्सिएर्जच्या, म्हणजे पाहुण्यांची बाहेरची कामं करून देणाऱ्या माणसाच्या, कोटाच्या दोन्ही कॉलरवर एकमेकांवर ठेवलेल्या सोनेरी किल्ल्या दिसतात, त्या 1929 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संघटनेची खूण, मिळवाव्या लागतात. तिकीट, डॉक्टर, हरवलेली बॅग, सगळं त्यांच्याकडे येतं, त्यांना सगळे नावाने ओळखतात. खोली करणारीला क्वचितच कुणी बघतं.

पाठ, खांदे, मनगटं या कामात जातात. कॅलिफोर्नियात 2018 पासून हॉटेल हाऊसकीपिंगच्या या दुखण्यांसाठी वेगळा सुरक्षा नियम लागू आहे.

आणि ही शेवटची खोली. पाहुण्यांनी तीन दिवस साफसफाई नको म्हणून कार्ड लावलं होतं, आता टॉवेलचा ढीग, ओसंडलेला कचरा, बाथरूममध्ये साबणाचा थर. हिला दुप्पट वेळ लागणार. अटेंडंटच्या यादीत मात्र बऱ्याच ठिकाणी तीही एकच खोली धरली जाते.