घरघर लागली ती इंजिनाची

श्रोतेहो, नमस्कार.

नौदलात युद्धनौकेचे तीन भाग मानतात: तरंगणारा, चालवणारा आणि लढणारा. तरंगणाऱ्या भागात आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो आहोत. पोलाद इथलं, वेल्डरही इथलेच. गाडी अडते ती चालवणाऱ्या भागापाशी.

विक्रांत या विमानवाहू नौकेचंच बघा. 2022च्या सप्टेंबरात ती नौदलात दाखल झाली, 76 टक्के स्वदेशी. तिची चार गॅस टर्बाइन्स मात्र अमेरिकी रचनेची. पण टर्बाइनचा जोर प्रोपेलरपर्यंत पोचवणारा गिअरबॉक्स गुजरातेतल्या एलेकॉन या खासगी कंपनीनं पुरवला, आणि हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे. टर्बाइन मिनिटाला 3600 फेरे घेतं. प्रोपेलरला शे-दोनशे पुरे. हजारो अश्वशक्तीचा भार पेलत हा वेग उतरवायचा, तोही गुपचूप. गिअरचे दात एकमेकांत बसताना थोडे जरी चुकले तरी ठरावीक सूर निघतो. पाण्यात तो दूरवर जातो, आणि पाणबुडीत सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलेला माणूस त्यावरून नाव नि गाव ओळखतो. म्हणूनच दातांची घासाई मायक्रॉनच्या हिशेबानं होते. आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगरही नौदलासाठी गिअरबॉक्स बनवतं. साखर कारखान्यांची यंत्रं घडवता घडवता ही कंपनी तिथवर पोचली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता इंजिनाकडे येऊ. एप्रिल 2025मध्ये संरक्षण मंत्रालयानं पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी 6 मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचा करार केला. खर्च 270 कोटी, त्यातले 70 टक्के सरकारचे. नमुन्यात निम्म्याहून अधिक भाग देशी हवेत, आणि सोबत 3 ते 10 मेगावॉटच्या इंजिनांचे आराखडेही करायचे आहेत. जमिनीवरचं जनरेटर इंजिन उचलून जहाजात ठेवलं, असं इथं चालत नाही. जहाज डोलत असताना ते चालायला हवं, आणि जवळ पाण्याखाली स्फोट झाला तरी त्याचा हादरा सोसून चालूच राहायला हवं.

पैशाची अडचण यामुळे बरीच सुटेल. मला काळजी आहे ती संख्येची. नौदल एका वर्गाची चार-सहा जहाजं घेतं, मग पुढची मागणी यायला वर्षं जातात. तेवढ्या इंजिनांवर कुठलाही कारखाना टेस्ट बेड, म्हणजे इंजिन चालवून तपासायची जागा, आणि तयार कारागीर सांभाळत बसणार नाही. तटरक्षक दलाच्या नौका, बंदरातले टग, मालवाहू जहाजं यांनीही हेच इंजिन घेतलं, तर गणित जुळेल. आणि तसं व्हायचं असेल, तर नमुना तयार होण्याआधीच या मंडळींना चर्चेला बोलवायला हवं.