स्वरतंतूतली गाठ: ‘लेझरने उडवा’ म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत स्वरतंतूच्या गाठीचा ओझरता उल्लेख केला आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा: “डॉक्टर, लेझरने उडवून टाकता येत नाही का?” एकाने तर लिहिलंय, “पाच मिनिटांचं काम, उगाच बाऊ करता.” बरं. आज बाऊच करू.

आधी मूळ गोष्ट, झटपट. ग्रंथीचं तोंड बुजलं की आत स्राव साठतो, किंवा वरच्या आवरणाच्या पेशी आत अडकून त्यांची पिशवी बनते. ही सिस्ट. आवाज घोगरा होतो, वरचे सूर फाटतात. आवाज चार आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या, गुळण्या करत बसू नका. झालं.

आता मुद्दा. ही गाठ स्वरतंतूच्या ‘वर’ नसते, ‘आत’ असते. गादीवर चादर अंथरलीय आणि चादरीखाली मणी अडकलाय असं समजा. चादर म्हणजे वरचं आवरण आणि त्याखालचा जेलीसारखा मऊ थर. गादी म्हणजे लिगामेंट, म्हणजे खालचा चिवट पट्टा, आणि स्नायू. बोलताना ही चादर गादीवर लाटेसारखी सळसळते, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा. तुम्ही चादरीला भोक पाडून मणी काढलात, तर भोक भरताना चादर गादीला चिकटते. लाट तिथेच अडते. गाठ गेली, घोगरेपणा राहिला. आणि त्या व्रणावर खात्रीचा इलाज आमच्याकडे नाही.

म्हणून आम्ही चादरीची कड उचलतो. पूर्ण भूल, तोंडातून नळी, बाहेर मायक्रोस्कोप. गळ्यावर छेद नाही. गाठीच्या बाजूला, तंतूच्या वरच्या अंगाला बारीक छेद द्यायचा. दोन तंतू जिथे एकमेकांना भिडतात ती कड शक्यतो शाबूत ठेवायची. पापुद्रा उचलायचा, पिशवी लिगामेंटपासून हळूहळू सोडवायची, अख्खी बाहेर काढायची, पापुद्रा परत जागेवर. टाके बहुधा लागत नाहीत. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला.

‘अख्खी’ म्हणालो ना, तिथेच सगळी गंमत आहे. शिकत असताना माझ्या हातून एक फुटली. सर ओरडले नाहीत. उरलेलं अस्तर शोधायला मला मायक्रोस्कोपला चिकटवून बसवलं आणि म्हणाले, “गाठ काय निघाली ते बघू नकोस, मागे काय राहिलं ते बघ.” अस्तराचा तुकडा राहिला तर पिशवी पुन्हा भरू शकते. तो हावरेपणाने ओरबाडलात तर पुन्हा व्रण. लेझर वाईट नाही, काही सर्जन छेदासाठी वापरतात. पण ‘जाळून टाका’ म्हणजे मण्यासाठी चादर पेटवणं.

आणि हो, “माझी गाठ थेरपीनेच (म्हणजे आवाज नीट वापरायच्या व्यायामांनी) गेली” म्हणणारे बरेच आहेत. अभिनंदन, पण ते बहुधा नोड्यूल्स असणार, आवाजाच्या ताणाने दोन्ही तंतूंवर समोरासमोर येणारे घट्टे. सिस्ट सहसा एका बाजूला असते. स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर संथ करून दाखवणाऱ्या तपासणीत, तिथे लाट मंदावलेली दिसते, तिथेही पुन्हा चादरच! थेरपीने सिस्ट सहसा विरत नाही, पण बोलण्याची पद्धत सुधारते आणि काहींचं तेवढ्यावर भागतं. ऑपरेशन केलं तरी आधी आणि नंतर थेरपी लागतेच.

ऑपरेशननंतर काही दिवस मौन. किती, ते तुमचे सर्जन सांगतील. माझी एक पेशंट, शिक्षिका, तिसऱ्या दिवशी दारातूनच कुजबुजली, “डॉक्टर, मी एक शब्दही बोलले नाहीये.” अहो, कुजबुज म्हणजे मौन नाही! अनेकांचा घसा त्यात उलट जास्त आवळला जातो. पाटी घ्या, मोबाइलवर टाइप करा.

एक राहिलं: “ऑपरेशन घशाचं, मग जीभ का बधिर झाली?” नळीचा दाब जिभेवर पडतो म्हणून. चवही बदलू शकते, बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते. आणि दात हलत असेल तर भूल देण्याआधी सांगा, नंतर नाही.